डुलक्या घेणारा लॅपटॉप

सूनबाईंची लॅपटॉपवरची मुलाखत अकराला होती आणि पावणेअकराला नवरोबांनी जाहीर केलं, "आता बॅटरी चारऐवजी नऊ तास चालणार!"

नवरोबा प्रोग्रामर. लॅपटॉपच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हात घालून दोन वॉट वाचवले की त्यांना स्वर्ग दोन बोटं उरायचा. आज त्यांनी हुकूम सोडला होता: माउस दोन सेकंद हलला नाही, तर कॅमेरा, माइक, सगळं झोपवायचं. तपासताना माउस त्यांच्याच हातात! मग काय, सगळं झकास.

सहा वर्षांच्या खंडानंतर सूनबाईंना ही नोकरी चालून आली होती, ग्राहकांना मशीनच्या अडचणी समजावून सांगण्याची. आज हुकलं तर पुन्हा कोण विचारणार, ही त्यांची धास्ती होती.

"नमस्कार" म्हणून त्यांनी हात जोडले आणि कॅमेरा झोपला. माउस हलवला, जागा झाला. हात मांडीवर घेतले, पुन्हा झोपला. आता आवाज पलीकडे जात नाही, हा फायदा घेऊन त्या कडाडल्या, "अरे, काय करून ठेवलंयस हे?"

"मशीन बंद करून चालू करावं लागेल. पाचच मिनिटं."

"मुलाखत सोडून? शहाणाच आहेस!"

नवरोबा माउस घेऊन टेबलाखाली शिरले आणि हलवत बसले. तेवढ्यात सासूबाई आल्या. "अरे, खाली काय शोधतोयस?" नवरोबा दचकले, डोकं टेबलाला आपटलं, माउस सुटला. "आई, हा थांबला की कॅमेरा झोपतो!"

"आण इकडे. एक काम धड होईल तर शपथ!" सासूबाई खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोरच बसल्या आणि पाळणा हलवावा तसा माउस हलवू लागल्या. फक्त हे बाळ हलवलं की जागं राहत होतं.

पलीकडच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, "काय चाललंय तिथे?"

सूनबाईंची पाठ केलेली सगळी उत्तरं उडाली. "मॅडम, खरंच सांगते. हे मशीन काटकसरी आहे. हात चालताना दिसला नाही, की दिवे मालवून निजतं. माझ्या नवऱ्याने त्याला दोन सेकंदांत निजायला शिकवलं. माणूस नुसता बोलत असला तरी कामात असतो, हे सांगायचं राहून गेलं. म्हणून सासूबाई त्याला जागं ठेवतायत."

मॅनेजरबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आमची मशीन मध्येच का निजतात, हेच आमचे इंजिनियर मला दोन वर्षं समजावतायत हो! आज कळलं. सोमवारपासून याल?"

सूनबाईंना "हो" म्हणतानाच रडू फुटलं. नवरोबा टेबलाखालूनच टाळ्या वाजवू लागले. सासूबाईंचा चेहरा मात्र गंभीर झाला.

"सोमवारपासून रोज?" माउस न थांबवता त्यांनी विचारलं. "मग माझा पगार किती ठरवलाय?"