मनगटावरची पट्टी

लेकीला दिवसातून अकरा वेळा लावून लावून थर्मामीटरचा सेल संपला, तेव्हा सोनालीने नवऱ्याने कारखान्यातून आणलेली पट्टी मनगटावर चिकटवली.

मल्हार एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. तिथे भांड्यांच्या मुठींसाठी द्रव-स्फटिक पॉलिमरचा लेप करून बघत होते; पट्टीवर तोच लेप होता. सकाळी डबा घेताना तो म्हणाला होता, "गार असला की यातले रेणू शाळेतल्यासारखे रांगेत उभे. सदतीसच्या वर गेलं की रांग मोडते, लेपावर दाणे उठतात. मूठ तापली की खरखरीत होते, हातातून सटकत नाही. निवली की परत गुळगुळीत." सोनालीने त्यातलं एवढंच धरून ठेवलं: सदतीस.

जानेवारीची दुपार. जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये ऊन सायीसारखं पसरलं होतं. पडदा फुगत होता, जणू खोलीच श्वास घेतेय. पाळण्यात आठ महिन्यांची माही पायाचा अंगठा चोखत होती. सोनालीने मनगट तिच्या कपाळाला टेकवलं आणि पाहिलं. पट्टीभर बारीक दाणे!

"आत्या, माहीला ताप आहे!"

नातेपुत्याहून आलेल्या तिच्या सासूबाई, तानाबाई, लसूण सोलत होत्या. "कुटं हाय? लेकरू खिदळतंय की!"

"पट्टी सांगतेय."

"मग पट्टीलाच दाव डाक्टरला."

सोनालीने मनगट त्यांच्याच कपाळाला लावलं. दाणे. "आत्या, तुम्हालाही! पडा बघू आधी."

"मला? आगं, म्या ठणठणीत हाय!" पण सुनेचा चेहरा बघून त्या निमूट आडव्या झाल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कल्लप्पा विरजण मागायला आले. त्यांनाही दाणे. "अय्यो, तरीच सकाळपास्नं कसंतरी होतंय बघा," म्हणत ते सतरंजीवर कण्हायलाच लागले.

सोनाली ओल्या घड्या बदलत फिरत होती. फरशी पायांना मऊ लागत होती. चादरीवरचे मोर एकामागून एक दाराकडे निघाल्यासारखे वाटत होते. सगळं हलकं हलकं झालं होतं. भीती तेवढी जड होती. तिने फोन लावला. "लवकर या. अख्ख्या घराला ताप आलाय."

मल्हार धावतच आला. दोन माणसं आडवी, आणि माही आजीच्या कपाळावरची घडी ओढून हसतेय. त्याने सोनालीचा हात धरला, मनगट लाकडी कपाटाला टेकवलं आणि पट्टी तिच्यापुढे धरली. दाणे.

"कपाटालाही ताप आलाय का गं?"

कल्लप्पांचं कण्हणं थांबलं. तानाबाई उठल्या आणि त्यांनी सुनेच्या गालाला हात लावला.

"आगं माजे बाई, तूच तव्यावानी तापलीयास की!"

मल्हारने पट्टी सोलून काढली, खिडकीत निवू दिली आणि माहीच्या कपाळावर धरली. गुळगुळीत. सोनालीने तिच्यावरून दोनदा बोट फिरवून पाहिलं.

"मलाच आहे होय?" ती चादरीत शिरत म्हणाली. "मग काही काळजी नाही."

आणि मोर आपापल्या जागी परत येण्याआधीच तिला झोप लागली.