एकाहत्तर किलोची मेणबत्ती

फोन वाजला तेव्हा थेमेलिनाचे दोन्ही हात भातानं बरबटलेले होते आणि समोर सासूबाई, कॅलियोपीबाई, बसल्या होत्या. दोघी मिळून द्राक्षाच्या पानांत सारण भरत होत्या. हात मोकळे असते तर ती फोन घेऊन गच्चीवर गेली असती. पण तो कोपरानं ओढून खांद्यात धरावा लागला, आणि कॅलियोपीबाईंचे हात एकदम सावकाश चालू लागले. कुठे कान द्यायचा असला की त्यांचे हात असेच मंदावत.

फोन शेजारच्या लेरोस बेटावरच्या रिसॉर्टमधून होता. थेमेलिनानं गुपचूप शिजवत आणलेल्या बेतातली ही शेवटची पायरी.

कालिम्नोस या ग्रीक बेटावरच्या पुरुषांनी समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज आणायचे आणि बायकांनी धक्क्यावर वाट बघायची, अशी इथली जुनी वाटणी. थेमेलिनाचे आजोबा पाणबुडे, सासरे पाणबुडे. नवरा साकेलारिस बंदरावर स्पंजाचं दुकान चालवायचा आणि पर्यटकांना खोल पाण्याच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा, की ऐकणाऱ्याला ठसका लागावा. लग्न झाल्यापासून थेमेलिना त्या दुकानात स्पंज झटकत आली होती. तळाशी जे काही होतं ते सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. तळ तेवढा बघायचा राहिला होता. पन्नाशी उलटली तसं ते फारच खुपायला लागलं. एकदाच खाली जायचं, बघायचं आणि वर यायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

पण कालिम्नोसला हे जमणारं नव्हतं. इथे लोकांना पाण्याखाली नेणारे सगळे साकेलारिसचे आतेभाऊ, नाहीतर मामेभाऊ. ती सकाळी उतरली असती तर दुपारी कॉफीच्या दुकानात तिची नक्कल सुरू झाली असती. पाणबुड्याची नात या वयात नवशिक्या पर्यटकांच्या रांगेत उभी राहते, हे तिच्या नातवंडांनाही ऐकावं लागलं असतं. म्हणून शेजारच्या बेटावरचं रिसॉर्ट, आणि शिकवणारा थेट दूरच्या थेस्सालोनिकी शहराचा, म्हणजे इथल्या कोणाचाच कोणी नाही. पोहण्याचा पोशाख तिनं कोणी विकत घेत नसलेल्या मोठ्या स्पंजांच्या पोत्यात दडवला होता. घरी काय सांगायचं, तेवढं अजून ठरायचं होतं.

निकिफोरोस नावाच्या त्या शिकवणाऱ्याला पोशाखाची मापं हवी होती.

"उंची एकशे साठ," थेमेलिना भिंतीकडे तोंड करून पुटपुटली. "वजन..." तिनं एकदा सासूबाईंकडे पाहिलं. "बासष्ट. पायाचं माप एकोणचाळीस."

मग त्यानं विचारलं, काही दुखणं, छातीचं वगैरे?

"अजून तरी नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून घेते."

फोन ठेवून तिनं वळून पाहिलं तर सासूबाईंनी पान खाली ठेवलं होतं आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"नवस बोललीस ना?" त्या म्हणाल्या. "लपवू नकोस. उंची सांगितलीस, वजन सांगितलंस. मेणबत्तीशिवाय ही मापं कोणाला लागतात?"

नवसाची मेणबत्ती नवस करणाऱ्याच्या उंचीची, फारच मोठा नवस असला तर वजनाचीही करतात, हे बेटावरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं. हे सोंग परस्पर अंगावर चढत होतं.

"पण पायाचं माप..." ती चाचरली.

"ते मुख्य देवदूताला," सासूबाईंनीच गाठ सोडवली. "रात्रभर फिरून त्याचे जोडे झिजतात, लोक नवे वाहतात. म्हणजे लेरोसच्या त्याच्या देवळात जायचंय तुला. बरोबर?"

त्या रिसॉर्टच्या वरच्या टेकडीवर मुख्य देवदूत मिखाएलचं छोटं देऊळ होतं खरं. थेमेलिनाला वाटलं, घरी सांगायला याहून चांगली सबब सात जन्मांत सुचली नसती. तिनं मान डोलावली. आपण होकार कशाला दिला हे मात्र तिला संध्याकाळी कळलं.

कारण धडधाकट माणूस आपल्या उंचीची मेणबत्ती बोलत नाही. त्यातून ते 'अजून तरी नाही' आणि 'डॉक्टरांना दाखवून घेते'. संध्याकाळी साकेलारिस दुकान बंद करून घरी आला, बायकोकडे टक लावून पाहत राहिला आणि जेवण झाल्यावर उठून भांडी घासू लागला. लग्नानंतर त्याला मोरीत साबण कुठे असतो हे पहिल्यांदाच विचारावं लागलं. दुसऱ्या दिवशी शेजारची पोथिती कोंबडीच्या सूपचं पातेलं घेऊन आली, आणि थेमेलिनाचा हात हातात घेऊन, आपला काका याच दुखण्यातून कसा उठला ते सांगत बसली. कोणतं दुखणं, ते तिनं सांगितलं नाही आणि थेमेलिनाची विचारायची छाती झाली नाही.

खरं सांगून टाकावं असं तिच्या मनात येत होतं. पण आता खरं सांगायचं म्हणजे नुसतं हसं नव्हतं. देवदूताच्या नावावर सगळ्या आळीला रडवल्याचं पाप होतं. तिनं गप्प राहायचं ठरवलं. चार दिवस लेरोसला जायचं, एकटीनं, आणि बरी होऊन परत यायचं. देवदूताचाही मान वाढेल.

मेणबत्तीवाल्या मिकेसनं मात्र कुरकुर केली. उंचीएवढी करून देतो, वजनाएवढी माझ्या आजोबांनी आयुष्यात एकदाच केली होती, ती पण तान्ह्या बाळाची, असं त्याचं म्हणणं. त्यावर कॅलियोपीबाई म्हणाल्या, मग आजोबांचं नाव राख. मिकेस मेण वितळवायला बसला, आणि घरी परतल्यावर सासूबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बासष्ट म्हणालीस."

"हो, आई."

"मला सांग, डॉक्टरला सांग, नवऱ्याला सांग. पण देवदूताच्या हातात माणसं तोलायचा तराजू असतो, सूनबाई. त्याच्याशी कसलं हातचं राखतेस?"

थेमेलिनानं मान खाली घातली. "एकाहत्तर."

मिकेसनं आणखी नऊ किलो मेण ओतलं. मेणबत्ती बंदरावरच्या दोर बांधायच्या खांबासारखी दिसू लागली. निकिफोरोसलाही आकडा दुरुस्त करून सांगायला हवा होता, पण आजारी माणसाला एकटं कोण सोडतंय? ती गच्चीवर गेली की मागून पोथिती शाल घेऊन यायची.

निघायच्या सकाळी साकेलारिसनं दुकानाला कुलूप घातलं. "तू कशाला येतोस?" तिनं विचारलं. त्यानं तिची पिशवी उचलली. सासूबाई काळा पोशाख करून दारात तयार होत्या. पोथिती सूप घेऊन आली होती. चौघा खलाशांनी ओल्या चादरीत गुंडाळलेली मेणबत्ती खांद्यावर घेतली आणि ती मिरवणूक धक्क्यावरून निघाली. बोटीवरच्या लोकांनी टोप्या काढून छातीवर क्रूस काढले.

"कोण गेलं?" एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

"अजून कोणी नाही," कॅलियोपीबाई म्हणाल्या, आणि म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा क्रूस काढला.

लेरोसच्या बंदरावर रिसॉर्टची गाडी उभी होती. थेमेलिनानं तिच्याकडे न बघता पुढे जायचा प्रयत्न केला, पण ड्रायव्हरच्या हातातल्या पाटीवर तिचं नाव होतं आणि गाडीच्या पाठीवर चष्मा लावलेला मासा रंगवलेला होता.

"देवळाची परिस्थिती सुधारलेली दिसते," पोथिती म्हणाली, आणि सगळे गाडीत बसले. मेणबत्ती मधल्या वाटेत आडवी.

समुद्राकाठच्या त्या टापटीप अंगणात उतरल्यावर मात्र पोथितीलाही शंका आली. खुर्च्यांवर परदेशी माणसं पोहण्याच्या पोशाखात पहुडली होती, आणि लाकडी धक्क्यावरून एक उन्हानं रापलेला तरुण हातात काळा रबरी पोशाख नाचवत येत होता.

"थेमेलिनाबाई? मी निकिफोरोस." त्यानं तो पोशाख तिच्या अंगाला लावून पाहिला आणि हसत मान हलवली. "हा बासष्टचा आहे. यात तुमचा एक पायच मावेल."

"हे तिला काय नेसवताय?" कॅलियोपीबाई पुढे झाल्या. "आणि पुजारी कुठे आहेत?"

निकिफोरोसनं थेमेलिनाकडे पाहिलं. साकेलारिसनं थेमेलिनाकडे पाहिलं. मग तिनं सगळं सांगून टाकलं, समुद्राकडे तोंड करून, एका दमात. फोन, मापं, पोत्यातला पोशाख, गच्चीवरची शाल. शेवटी म्हणाली, "मला खालचं बघायचं होतं, बस. आमच्यातल्या एकाही बाईनं बघितलेलं नाही."

साकेलारिस मटकन मेणबत्तीवर बसला.

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"नाही."

"मग मी भांडी का घासली?" तो म्हणाला, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय हे त्यालाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू शिकवायला निघाला असतास."

यावर पोथितीनं पातेल्याचं झाकण उगाचच नीट केलं. साकेलारिस कधी गुडघ्याच्या वरच्या पाण्यात गेलेला नाही, हे सगळ्या बंदराला माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत कोणी ते बोलून दाखवलं नव्हतं.

"मीच नाही जाऊ दिलं त्याला," कॅलियोपीबाई म्हणाल्या. "खोल पाण्यानं त्याच्या बापाचे पाय गेले, शेवटी काठ्यांवर चालायचा. एक घरात पुरे झाला." त्यांनी डोळे पुसले आणि आवाज चढवला. "मेणबत्ती काही परत न्यायची नाही. तुला काही झालेलं नाही ना, मग त्याबद्दलच लावू. पण देवळात जायचं ते ऊन उतरल्यावर. आधी तू जाऊन ये."

"मी?"

"मग काय, हा पोरगा एवढी नळकांडी घेऊन माझी वाट बघतोय? जा. आणि नीट बघून ये, म्हणजे मला सांगशील."

पोशाख बदलून आला. पाठीवर हवेची टाकी चढली, कमरेला शिसं बांधलं गेलं, आणि निकिफोरोसनं अंगठा आणि बोट जुळवून सगळं ठीक असल्याची खूण शिकवली. थेमेलिनानं एकदा मागे वळून पाहिलं. धक्क्यावर नवरा, सासू, शेजारीण आणि मेणबत्ती, सगळे ओळीनं समुद्राकडे तोंड करून थांबले होते. बेटावरच्या बायका उभ्या राहायच्या तसेच. मग डोक्यावरून पाणी गेलं.

वर आली तेव्हा तिच्या केसांत शेवाळ होतं आणि डोळे लालभडक झाले होते. साकेलारिसनं तिला हात देऊन वर ओढलं, आणि चक्क घोट्यांपर्यंत पाण्यात उतरून ओढलं. ती फळ्यांवर बसली. तिचं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

"बोल की," पोथिती म्हणाली. "काय होतं?"

थेमेलिनानं हातानं काहीतरी मोठं दाखवलं, मग काहीतरी हलणारं. मग हात मांडीवर पडू दिले. तो उजेड कसा होता, ती शांतता कशी होती, आपला श्वास आपल्यालाच कसा ऐकू येत होता, यांतलं काहीच तिच्या जिभेवर येईना.

"दगड," ती शेवटी म्हणाली.

कॅलियोपीबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"याचा बाप पण हेच सांगायचा," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मभर. मी विचारायचे आणि तो म्हणायचा, दगड. मला वाटायचं, मला टाळतोय."

मग त्या धक्क्याच्या कडेला बसल्या, बूट काढून बाजूला ठेवले आणि काळे मोजे खाली गुंडाळू लागल्या.

"आई, हे काय करताय?" साकेलारिस घाबरून म्हणाला.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "बघू दे मला, कुठले दगड ते."