बॉनेट उघडा, सर

दुसऱ्याच्या दारात गेल्यावर माणसं आधी चपला काढतात. मार्कसमामा आधी बॉनेट उघडतात. मग ते घर लग्नाचं असो, बारशाचं असो की आणखी कशाचं. एकदा आमच्या नगरकडच्या बेलापुरात नदीवर दहाव्याला माणसं जमली होती. सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे, आणि हा माणूस मागं कोणाच्या तरी पिकअपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेला! वर म्हणे, "गेलेल्या मानसाला आता घाई न्हाई. हिचा एअर फिल्टर मेलाय, त्याचं बघा आधी." सांगा आता, काय बोलायचं अशा माणसाला?

मार्कसमामा साळवे म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले म्हातारे मेकॅनिक. चाळीस वर्षं डिझेल गाड्या दुरुस्त केल्या, मग गुडघे गेले म्हणून गॅरेज बंद केलं. गॅरेज बंद झालं, तोंड नाही झालं. मी शाळामास्तर. तीस वर्षं पोरांना दम देत आलोय, पण मला भर चौकात दम देणारा हा एकच निघाला. आणि तोही कशावरून, तर ऑईलवरून! कसे आहात नाही, चहा घेता का नाही, पहिला प्रश्न: "सर, सर्विसिंगला किती किलोमीटर झाले?"

"झाले असतील सात-आठ हजार."

"असतील? पोरांला मार्कबी असेच देता का, असतील म्हनून?"

आता माझ्या गाडीच्या पुस्तकात स्वच्छ छापलंय की दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी मामांना ते पान उघडून दाखवलं. तर माझ्यावरच भडकले. "ह्ये लिहिनारा बेलापूरला आल्ता का कधी? उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्यावर काय उडतं, म्हाईत हाय का त्याला? त्याचे दहा हजार म्हंजे आपले पाच!" मामांचं सगळं पंचांगच वेगळं. कारखाना पेटायच्या आधी एअर फिल्टर काढून झटकायचा आणि हंगाम संपला की फेकून नवा घालायचा. ऑईल बदललं की ऑईल फिल्टर बदललाच पाहिजे, "न्हाईतर आंघूळ करून मळकी बनियन घातल्यागत हाय." पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून पाणी सोडायचं आणि वीस हजार किलोमीटरला तो फिल्टरही बदलायचा. मी एका शब्दानं विचारलेलं नसताना हे सगळं मला पाठ झालंय.

गेल्या दसऱ्याला मात्र कहर झाला. दसऱ्याला आम्ही गाड्या धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. मी म्हटलं, धुतोच आहे तर सगळंच धुवावं. एअर फिल्टर काढला, साबणाच्या पाण्यात बुचकळला आणि कंपाउंडच्या भिंतीवर वाळत घातला. आमच्या गल्लीत निम्मे लोक हेच करतात. नेमके तेव्हाच मामा सोनं द्यायला आले. मामा ख्रिस्ती, पण दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन घरोघर न चुकता फिरतात. त्या दिवशी झाडून सगळ्या गाड्या दारात उभ्या असतात ना! भिंतीवरचा फिल्टर बघितला आणि त्यांच्या हातातली पानं खाली पडली.

"कागद धुतला? सर, कागद? उद्या पोरांच्या वह्याबी धुवा!"

गल्ली गोळा झाली. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. माझी लेक पूजा मोबाईलवर शूटिंग करत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा," मी म्हणालो, "गाडी माझी आहे. पुन्हा हिच्या बॉनेटला हात लावायचा नाही." मामा खाली पडलेली पानं गोळा करून निघून गेले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. गाडीचं सर्विसिंगही बंद, कारण आता ते करणं म्हणजे हार मानणं होतं.

श्रावणात एका रविवारी पूजाची सरकारी भरतीची परीक्षा होती. सेंटर नगरला. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडातून नगर जात नाही. पूजाची ही शेवटचीच संधी, पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. दोन वर्षं पोरगी पहाटे उठून अभ्यास करत होती. अकराला गेट बंद म्हणजे बंद, एका मिनिटाची सवलत नाही. आणि आदल्या दिवशी मी काय केलं? शेतातल्या इंजिनाचं कॅनमध्ये उरलेलं डिझेल वाया कशाला घालवा म्हणून गाडीच्या टाकीत ओतलं. तो कॅन जूनपासून अंगणात पावसात उभा होता, आणि त्याचं बूच ढिलं होतं.

गावापासून सहा किलोमीटरवर गाडीनं तीन गचके दिले, पांढरा धूर सोडला आणि बसली. नऊ वाजले होते. दोन्ही बाजूंना ऊस. एस.टी. निघून गेलेली, माझा भाऊ फोन उचलेना, येणारी प्रत्येक जीप दारापर्यंत भरलेली. पूजा रडतही नव्हती. हॉलतिकीट मांडीवर धरून नुसती बसली होती, ते मला बघवेना. शेवटी तिनंच मामांना फोन लावला. मामा चर्चमध्ये होते, मागं गाणी ऐकू येत होती.

"धूर पांढरा हुता? मग पानी गेलंय डिझेलमधी. फिल्टरबी चोंदला आसंल. तास-दीड तास लागंल," मामा म्हणाले. मग थोडा वेळ नुसतंच गाणं ऐकू आलं. "पोरी, हाय तिथंच थांब. आलो."

मला वाटलं, मामा लुनावर पाने-पक्कड घेऊन येतील. आली ती पांढरी जीप. मी बघतच राहिलो. ती जीप सगळ्या गावाला माहीत आहे, पण ताडपत्रीखाली. ती मामांच्या मुलाची, विनयची. नऊ वर्षांपूर्वी मस्कतला जाताना तो म्हणाला होता, "बाबा, विकू नका. आलो की मीच चालवीन." झालं! मामांनी ती ना कोणाच्या वरातीला दिली, ना स्वतः बाहेर काढली.

आम्ही बसलो. जीप सुसाट निघाली, ना गचका ना धूर. पण मामा सीटच्या पार कडेवर बसले होते. विनय ताडमाड उंच, सीट त्याच्या बेतानं मागं सरकवलेली. मामांचा पाय क्लचला जेमतेम पोचत होता आणि दर गिअरला ते ओठ चावत होते.

"मामा, सीट पुढं घ्या ना."

"हात लावायचा न्हाई! त्यानं लावून ठिवलीय."

"मग मी चालवतो."

"तुमी? फिल्टर धुनारे?"

पूजानं विचारलं, "मामा, इतकी वर्षं उभी गाडी अशी कशी चालते?"

"दर वर्साला ऑईल बदलतो, तिन्ही फिल्टर बदलतो. टाकीतलं डिझेल काढून ताजं भरतो. रविवारी चर्चवरनं आलो की चालू करून बसतो आत घटकाभर."

"पण चालतच नाही तर फिल्टर कशाला?" मी म्हणालो.

"उभ्या गाडीचं ऑईलबी खराब हुतं, सर. आन तो आला, चावी फिरवली, आन चालू न्हाई झाली तर?" मामांनी मीटरकडे बघितलं. "चव्वेचाळीस हजारावर सोडून गेल्ता. तिथनंच पुढं त्यानं चालवायची, आसं माज्या मनात हुतं."

आणि तो आकडा आमच्यापायी भराभर पुढं सरकत होता. माझी मला लाज वाटली. विनय एकदाच आला होता, आईच्या मातीला. पुण्याहून भाड्याच्या गाडीनं आला, दोन दिवस राहिला, ताडपत्रीचं टोकसुद्धा उचललं नाही त्यानं. माझाच विद्यार्थी! त्याला मस्कतला फोन लावून चांगलं झापावं, असा संताप आला मला.

अकराला दहा कमी असताना पूजा गेटमधून पळत आत गेली. "गेली का आत?" मामांनी दोनदा विचारलं. मग रस्त्याकडेला बसून ते गुडघा चोळत राहिले.

दीड वाजता पूजा हसत बाहेर आली. पेपर चांगला गेला होता. आम्ही निघालो. मामांनी क्लच दाबायला पाय लांबवला, कळवळले आणि पाय मागं घेतला. पुन्हा लांबवला, पुन्हा मागं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतो. मग मामांचा हात सीटखाली गेला. दांडी ओढली आणि सीट पुढं आली.

"आसू दे," मामा कोणाकडेच न बघता म्हणाले. "आला की घील मागं, त्याची तो."

त्यांनी सीटला पाठ टेकली आणि जीप चालू केली.