सासूबाईंचं चित्र

क्लिफर्डची नोकरी त्या दुपारी पक्की व्हायची होती. अ‍ॅडलेडहून आलेल्या शाळेच्या मुलांना गॅलरी नीट दाखवायची आणि ब्रिजेट बाईंनी मान डोलवायची, एवढंच बाकी होतं. ब्रिजेट बाई ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जमधल्या या आदिवासी चित्रांच्या गॅलरीच्या प्रमुख. आदिवासी संस्कृतीवर त्यांचा इतका जीव, की तिच्याबद्दल एखाद्या आदिवासी माणसाला काही विचारायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"मुलांनो, आज गंमत आहे," मिस हॉलवे, म्हणजे मुलांच्या बाई, दारातूनच म्हणाल्या. "खुद्द चित्रकार मावशींना आणलंय मी."

क्लिफर्डला आधी हिरवी लोकरी टोपी दिसली, मग फुलाफुलांचा स्कर्ट. पुढचं त्याने पाहिलं नाही, कारण तोवर तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या त्याच्या सासूबाई होत्या. सासू-जावयांनी एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका खोलीत तर थांबायचंच नाही, हे त्याच्या आदिवासी लोकांत शेंबड्या पोरालाही कळतं. बाजारात त्या दिसल्या की क्लिफर्ड पीठमीठ टाकून मागच्या दाराने पसार व्हायचा. गॅलरीला मेलं मागचं दारच नव्हतं.

सासूबाईंनीही जावयाचे खांदे ओळखले आणि गर्रकन पाठ फिरवली.

"बाई, हे दोघं भिंतीकडे का बघतायत?" एका मुलीने विचारलं.

"श्श. स्वागत चाललंय," मिस हॉलवे भारावून कुजबुजल्या. "तुम्हीही वळा बघू."

अख्खा वर्ग दाराजवळच्या कोऱ्या भिंतीकडे वळला. ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला, ती चित्रं आता कोणालाच दिसत नव्हती.

क्लिफर्ड भिंतीला खेटून सरकत, घाम पुसत माहिती देऊ लागला. सरकता सरकता मोठ्या चित्रापाशी आला. गॅलरीची शान म्हणतात ते हेच, आणि ते सासूबाईंचं.

"हे कोणाचं?" ब्रिजेट बाईंनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"एका बाईंचं."

"कोणत्या बाईंचं?"

"स्वभावाने चांगल्या आहेत."

ब्रिजेट बाईंच्या भुवया वर गेल्या. "नाव पाठ नाही तुम्हाला?"

"पाठच करून उभा आहे, बाई," क्लिफर्ड रडकुंडीला येऊन म्हणाला. नोकरी गेलीच, असं त्याला वाटलं. घाईघाईने त्याने पुढचं उरकायला घेतलं. "हे गोल म्हणजे पाणवठे..."

सासूबाई कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याला म्हणाल्या, "कोणीतरी कोणालातरी सांगा रे, ती रताळी आहेत."

"ती रताळी आहेत," मघाच्याच मुलीने निरोप पोचवला.

"रताळीच," क्लिफर्ड लगेच म्हणाला. सासूशी हुज्जत घालायची सोय जगात कुठेच नाही.

इकडे ब्रिजेट बाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी. "काय जुगलबंदी आहे! नोकरी पक्की, क्लिफर्ड. आणि सोमवारपासून मावशीही आपल्याकडे. रोज दोघांनी मिळून मुलांना हेच करून दाखवायचं."

क्लिफर्ड भिंतीलाच म्हणाला, "बाई, त्या माझ्या सासूबाई आहेत."

"अय्या, म्हणजे घरचीच माणसं! मग एकाच टेबलावर बसा की."

एका खोलीत चालत नाही, तिथे एक टेबल कुठलं, कप्पाळ! दोघांतल्या एकानेच राहायचं, तर बाजूला व्हायचं जावयाने. नोकरी नको म्हणून सांगून क्लिफर्ड तसाच भिंतीच्या कडेने बाहेर पडला. त्याला फार वाईट वाटत होतं. हा त्याग किती आध्यात्मिक आहे ते मिस हॉलवे आत मुलांना समजावत होत्या.

संध्याकाळी त्याची बायको जोसलिन माहेरून हसतच आली. "आईला नोकरी लागली."

"ठाऊक आहे."

"असं तोंड पाडू नकोस रे. किती कौतुक करत होती तुझं. असा जावई शोधून सापडायचा नाही म्हणाली."

"त्यांनी कधी पाहिलंय का मला?"

"तोंड नाही पाहिलं," जोसलिन म्हणाली, "पण इतकी सज्जन पाठ उभ्या जन्मात पाहिली नाही, म्हणे."