नायकाच्या वाट्याची कलेजी

"आता जे सांगतो ते अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी मानणार नाही," बाजेवर मांडी ठोकत रामलाल नायकांनी सुरुवात केली. "नाही मानलं तरी चालते. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. म्हणजे, दिसत होतं तेवढं."

राळेगावकडच्या त्या बंजारा तांड्यातली झाडून सगळी माणसं त्यांच्या अंगणात जमली होती. नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, सकाळीच यवतमाळच्या दवाखान्यातून परतले होते. ओठांची सालं निघालेली, डोक्यावरचं रान विरळ झालेलं. आवाज मात्र शाबूत होता. त्यांना आजारी पाडलं ते तांड्यानेच, ही बातमी त्यांच्या आधी तांड्यात पोचली होती. म्हातारा रामधन मान खाली घालून बसला होता. शेजारच्या पुष्पाचा डोळ्याला लावलेला पदर खाली येत नव्हता, आणि नायकांना नेमकं तेवढंच पाहवत नव्हतं. काहीही करून तो पदर खाली आणायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

म्हणून त्यांनी गोष्ट गोळ्यांपासून धरली. दिवेलागणीला अंधुक दिसतं म्हणून ते राळेगावच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, रोज एक घ्या म्हणाला. डॉक्टरला विचारायचं त्यालाही सुचलं नाही आणि यांनाही.

"रोज एक, हे साध्या माणसाचं झालं," नायक म्हणाले. "मले औंदाच नायकी भेटली. नायकानं एकच गोळी घेतली तर तांड्याची काय इज्जत राहते? म्या दोन घेतल्या. सणावाराले तीन. मंग नजर अशी चढली का इथं बाजेवर बसून मी वणीच्या खाणीतून निघणाऱ्या ट्रकाचे नंबर वाचत होतो."

मुलगा सुनील वणीलाच ट्रक चालवायचा. तो खोकलला. नायकांनी तिकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात कापूस घरी आला आणि नवस फेडायचे दिवस सुरू झाले. बकरा कोणाच्याही दारी कापला तरी कलेजीचं ताट आधी नायकाच्या घरी, ही त्या तांड्याची रीत. नुसतं ठेवून घेऊन भागत नाही. आणणारा समोर बसतो, नायकाने त्याच्यादेखत खायचं आणि ताट रिकामं करून परत द्यायचं. घास उरला, तर देवीने नवस मानला नाही असं त्या घराला वाटतं. त्यामुळे नायक जेवायचे. आज या घरचं ताट, उद्या त्या घरचं, आणि वरून गोळ्या.

मग डोकं दुखू लागलं. जीव मळमळायचा, हाडं ठणकायची. अंगाची सालं अशी निघू लागली की एका रात्रीत आपली अख्खी कात गळाली आणि सकाळी आपणच तिला 'कोण बसलं आहे रे तिथं' म्हणून हटकलं, असं नायकांनी सांगितलं. रामधनने पाहून निदान केलं की नव्या नायकाला कोणाची तरी नजर लागली, देवीला बकरा द्यावा लागेल. बकरा दिला. त्याची कलेजी रीतीप्रमाणे नायकाकडे आली, आणि ताट रिकामं होईपर्यंत रामधन समोर बसला. नायक आणखी बिघडले. मग पुष्पाने स्वतःच्या खुंट्याचा बकरा देवीला दिला, आणि त्याचंही ताट नायकाकडे आलं.

"मी बिघडलो का तुमी बकरा कापत होते, अन् बकरा कापला का मी बिघडत होतो. पुढंपुढं त बकऱ्याच मले पाहून रस्ता सोडू लागल्या. शेवटी एक दिवस अंगणात एका बायकोच्या जागी दोन हंसाबाई उभ्या दिसल्या. एकीलेच उत्तर देता देता माहा जन्म गेला होता. तवा मात्र मी भेलो. हात लांब केला तर कोणती खरी तेच समजे ना."

हे सांगताना नायकांचा आवाज जरा खाली आला. सुनीलने त्याच दिवशी त्यांना यवतमाळला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोळे तपासले आणि मग काय काय खाता ते विचारलं. यांनी अभिमानाने सगळं सांगितलं.

"बाबा, जे गोळीत आहे तेच कलेजीत आहे," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडून भरून राह्यले तुम्ही. हे लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठते. जास्त झालं की डोक्यात दाब वाढते, नजर जाते, लिव्हर खराब होते. आणखी उशीर केला असता तर डोळे वाचले नसते."

गोळ्या बंद, कलेजी बंद, हळूहळू उतरेल, असं त्यांनी सांगितलं. घरात कोणी बाई गरोदर असेल तर तिला असल्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका, हेही दोनदा बजावलं. नायकांनी त्यांना हात जोडले होते. ते हात त्यांनी आता अंगणालाही जोडले.

पदराआडून पुष्पा म्हणाली, "काका, आमीच खाऊ घातलं ना तुमाले. समोर बसू बसू."

"तुमी कायले? मीच हावरा," नायक म्हणाले. "कलेजी म्हणजे माहा जीव. तुमचं ताट वाटेत असतानाच मी वासावर उठून बसत होतो. तुमी नसती आणली तर म्या मागून खाल्ली असती. उपकार झाले बाई तुमचे. माणसासाठी खुंट्याचा बकरा कोण देते?"

पुष्पाचा पदर खाली आला. रामधनने मान वर केली. कोणीतरी हसलंही. गोष्ट इथे ठरल्याप्रमाणे संपली असती, पण चहा घेऊन हंसाबाई दारात आल्या होत्या.

"खोटं बोलून राह्यले हे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पाह्यते मी, चुलीवर कलेजी चढली का हे बाहीर जाऊन बसते. नाक दाबून गिळली यायनं, एकेका घराची. अन् पुष्पा, तुह्या ताटातली त दुसऱ्यांदा मागून घेतली, तुले बरं वाटावं म्हणून."