डाव्या कालव्याचं माप

डाव्या कालव्याला अस्तर लावायचं काम कुंदा बगाडे यांच्या शिवणाच्या दुकानाकडे आलं, कारण काँक्रीटचं अस्तर कालव्याने दोनदा काढून ठेवलं होतं. टोचतं, असं त्याचं लेखी म्हणणं होतं.

अस्तराविना निम्मं पाणी वाटेतच जमिनीत मुरायचं आणि नवव्या किलोमीटरच्या वळणावर कालवा दरवर्षी फुटायचा. शेवटच्या वाकडोळ गावाला अकरा वर्षं पाणी पोचलं नव्हतं. वाकडोळ हे कुंदाताईंचं माहेर. यंदा फुटला तर कालवा कायमचा बंद, असा आदेश निघाला होता आणि तो कालव्याला वाचून दाखवण्यात आला होता.

मापाच्या वेळी उपअभियंता हुन्नरगीकर स्वतः हजर राहिले.

“पोट आत ओढू नका,” कुंदाताई कालव्याला म्हणाल्या. “नेहमीसारखे पडून राहा.”

“वळणावर काचतं,” कालवा म्हणाला.

“तिथं चार बोटं माया ठेवते.”

हुन्नरगीकरांनी लिहिणं थांबवलं. “माया म्हणजे?”

“शिवणीत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की टाके उसवून सैल करता येतं.”

“अंदाजपत्रकात माया बसत नाही, ताई.”

“मग वळणावर फुटेल, साहेब.”

साहेब वळणापर्यंत चालत जाऊन आले. शेवटी ‘माया : चार बोटे’ असं लिहून त्यांनी सही केली.

सहा मशिनींवर दोन महिने जाड मेणकापड शिवलं गेलं. अस्तर चढलं, पाणी सुटलं, आणि कुंदाताई कातर घेऊन वळणावर जाऊन बसल्या. दुपारी पाणी काठाला लागलं. भरावाची माती सुटू लागली. कालव्याला बोलवत नव्हतं.

“गेला,” हुन्नरगीकर हळूच म्हणाले.

कुंदाताईंनी पदर खोचला आणि त्या पाण्यात उतरल्या. कच्चा टाका कुठे आहे हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. एकेक टाका उसवत त्या वळणभर सरकल्या, तसं मागे कापड उलगडत गेलं. कालव्याने लांब श्वास सोडला. पाणी वीतभर खाली बसलं आणि गुपचूप वळून पुढे निघालं.

हुन्नरगीकरांनी चष्मा पुसून वही उघडली. एक थेंब बाहेर गेला नाही, असा शेरा त्यांनी मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई पाण्याच्या बरोबरीने काठाकाठाने चालत वाकडोळला पोचल्या. कालव्यातून गावच्या शेतांकडे जाणाऱ्या चारीचं लोखंडी दार गंजलं होतं. चार बाप्यांनी तेल घालून, टोणपे मारून ते उघडलं. वहिनी तोंडावर पदर धरून पाण्याकडे बघत उभी होती.

“हेच का ते गाव?” कालव्याने विचारलं.

“हेच.”

“मला वाटलं होतं, फार लांब असेल,” तो म्हणाला आणि चारीत शिरला.