टिपणिसांची चौकशी

दारात कोणीही अनोळखी माणूस उभा राहिला की आमच्या वरच्या मजल्यावरचे टिपणीस त्याला आधी आत घेत, सोफ्यावर बसवत, चहा देत आणि मग आपण इथेच राहतो हे त्याला पटवून द्यायला लागत. एकदा धुराडं साफ करणारा आला होता, काळे कपडे, खांद्यावर ब्रश. त्याला फक्त धुराडं बघायचं होतं. टिपणिसांनी त्याला बाथरूम, बाल्कनी आणि गाद्यांचं कपाटसुद्धा दाखवलं. "हं तर, नीट बघून घ्या. माणूस एकटा आहे, पण बिऱ्हाड पक्कं आहे," असं त्याला जर्मनमध्ये सांगितलं. तो बिचारा चिवडा खाऊन गेला.

आम्ही दोघंही जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. ते गिअरबॉक्समध्ये, मी ब्रेकमध्ये. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी आम्ही एकाच सुमारास अर्ज केला होता. जुना परवाना संपला आणि नवा काही येईना. मधल्या काळापुरता परदेशी नागरिकांच्या कचेरीने एक घडीचा कागद दिला. त्याचा अर्थ एवढाच, की निर्णय होईपर्यंत हा माणूस इथे रीतसर राहतो असं समजून चालावं. "म्हणजे सध्या आपण नुसते समजून चालण्यापुरते आहोत, टिपणीस," मी एकदा म्हणालो. ते हसले नाहीत.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतंच. वर्ष मंदीचं होतं. कंपनीत कुर्त्सआर्बाइट सुरू झालं होतं, म्हणजे कामाचे तास कमी आणि पगारही कमी. नोकरी गेली आणि कायमचा परवाना हातात नसला, तर गाशा गुंडाळायचा. मी चारचौघांत मोठा निश्चिंत असल्याचा आव आणायचो आणि कोणी बघत नाहीसं पाहून सारखी पोस्टाची पेटी उघडायचो.

टिपणिसांची भीती मात्र वेगळीच होती. "देवधर, माणूस येणार," ते म्हणायचे.

"कुठला माणूस?"

"चौकशीचा. पासपोर्टच्या वेळी पुण्यात हवालदार आला होता की नाही तुमच्याकडे? शेजारच्या दोघांना विचारलं, चहा घेतला, गेला. इथे नाही येणार?"

"अहो, इथे घरी येत नाहीत कोणी. कॉम्प्युटरमध्ये असतं सगळं."

"जा, जा. मी घरी असतो की नाही ते कॉम्प्युटरला काय माहीत? जे लोक कचऱ्याचीसुद्धा चौकशी करून तो वेगवेगळ्या डब्यांत टाकतात, ते माणसाची करणार नाहीत? मुद्दा संपला."

त्यांचा मुद्दा असा नेहमी संपायचा, आणि मग ते तयारीला लागायचे. संध्याकाळी पडदे ओढणं त्यांनी बंद केलं, का तर रस्त्यावरून दिसलं पाहिजे. चिवड्याचा डबा कायम भरलेला. आमच्या भागात केअरवोख म्हणून एक प्रथा आहे. दाराला पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली, आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला लावायची. टिपणिसांच्या दाराची पाटी हलेचना. सगळ्यांच्या पाळ्या तेच करू लागले. मी एकदोनदा "अहो, माझी पाळी होती" असं म्हटलं, पण फार जोर लावला नाही.

"साक्षीदार तयार करतोय," ते कुजबुजत सांगायचे. मुख्य साक्षीदार तळमजल्यावरच्या फ्राऊ क्लाइन. ऐंशीच्या पुढच्या, गुडघे कामातून गेलेले. टिपणीस त्यांच्या पिशव्या आत नेऊन ठेवत, दिवे बदलून देत, खिडकीसमोर उभं राहून खणखणीत गुटन मॉर्गन म्हणत. "उद्या त्या माणसाने विचारलं तर बाई काय सांगतील? टिपणीस इथे राहतो."

मी या सगळ्याला हसायचो. त्यावर माझी बायको मेधा म्हणाली, "तू हसू नकोस. परवा हीटरचं मीटर वाचायला माणूस आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट कोणी चढवला?" मीच चढवला होता. शिवाय त्याच्या प्रत्येक वाक्याला मी "जा, गेनाऊ", म्हणजे "हो, अगदी बरोबर", म्हणत गेलो, कारण माझं जर्मन तिथेच संपतं. त्या भरात आमचा हीटर बिघडल्याचं मी कबूल केलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस अवजारं घेऊन हजर झाला. टिपणिसांनी त्यालाही चहाला वर नेलं.

शेवटी एकदाचं कचेरीतून बोलावणं आलं, दोघांनाही एकाच दिवशी. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्टात स्टिकर चिकटवला. कायमचा.

"आणि घरी कोण येणार?" टिपणिसांनी विचारलं.

"कोणी नाही."

"शेजाऱ्यांना विचारायला?"

"कशाला? तुमची नोंद आहे ना इथे."

परतीच्या बसमध्ये मी आठवेल त्याला फोन करत होतो. टिपणीस खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "कोणी विचारलंच नाही हो, देवधर."

"बरं झालं की."

"बरंच झालं. पण काय आहे, आई गेल्यावर पुण्याची जागा गेली. बिल्डरने बिल्डिंगच पाडली, शेजारी पांगले. मी तिथे राहत होतो असं सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हटलं, इथे तरी दोघं तयार असावेत."

या वेळी ते "मुद्दा संपला" म्हणाले नाहीत. मी फोन खिशात टाकला. ब्रेकमधल्या माणसाला जागच्या जागी थांबता येतं, तेवढं मी केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तोच इस्त्रीचा शर्ट चढवला. मेधाचं जर्मन चांगलं आहे. तिने फ्राऊ क्लाइनना सगळं समजावून सांगितलं, आणि आम्ही दोघांनी धरून त्यांना एकेक पायरी वर आणलं. वाटेत त्या दोनदा थांबल्या, पण परत फिरल्या नाहीत. मी बेल दाबली.

"चौकशीला आलोय," मी म्हणालो. "टिपणीस नावाचे गृहस्थ इथेच राहतात का?"

टिपणीस दारात तसेच उभे राहिले. उत्तर दिलं ते फ्राऊ क्लाइननी, धापा टाकत, जर्मनमध्ये. मेधा हळूच मराठीत सांगत गेली. "राहतात. सकाळी जिन्यात त्यांच्या झाडूचा आवाज आला की मी उठते. तो आला नाही तर मी वर कोणाला तरी पाठवीन."

टिपणिसांनी त्यांना हात धरून सोफ्यावर बसवलं. "चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. चिवड्याचा डबा समोरच होता. आम्ही थोडा थोडा खात बसलो. चहाला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ ते आतच होते, आणि आम्ही कोणीच हाक मारली नाही.